मामांच्या टाचांवरील स्वारी

टेकडीच्या गणपतीस मनोमन नारळ बोलोन ही हकीकत लिहावयास घेतली आहे. कारण ऐसे की, नागपूर शहरी मानेवाडा प्रांती राहणार, सेवानिवृत्त हेडक्लार्क, राजमान्य राजश्री मधुकरराव यांच्या टाचा कोण्या हुन्नराने बऱ्या जाहल्या, याविषयी सोयऱ्याधायऱ्यांत नाना तऱ्हेच्या वावड्या उठल्या. कोणी म्हणे चिनी यंत्र मोबाइलवरून मागविले, कोणी म्हणे वर्ध्याचे तेल, आणि खुद्द मधुकररावांचे चुलतबंधू जितेंद्रराव तर म्हणत की टाचा दुखतच नव्हत्या, अवघे सोंग होते. ऐशियास खरे काय ते लिहून ठेवावे, म्हणजे पुढे लग्नाकार्यात वाद पडल्यास दाखल्यास उपयोगी. पदरचे मीठ घातले असेल तर ते चवीपुरतेच.

मधुकरराव म्हणजे मातबर असामी. अवघी हयात सरकारी कचेरीत खुर्चीवर काढिली, आणि हाताखालून गेलेली फाइल शेऱ्यावाचून कधी पुढे सोडिली नाही. निवृत्त होताच पोटाने उचल खाल्ली आणि दिवसेंदिवस आपला मुलूख वाढवीत शर्टाची बटणे एकामागून एक काबीज केली. मग डॉक्टरांचे फर्मान निघाले की रोज चालावे. मधुकरराव हुकमाचे ताबेदार. नवे बूट खरेदी करोन रिंगरोडवर रोज पहाटे कूच करू लागले, आणि उन्हाळा लागेतो पोट आपल्या ठाण्यावर जैसे होते तैसे कायम राहिले आणि टाचा मात्र लढाईत कामास आल्या. सकाळी पलंगावरून पाऊल खाली ठेविले की खिळा टोचल्यागत कळ उठे, आणि मधुकरराव भिंत धरोन नहाणीपर्यंत जात.

याच समयी खापा गावाहून भगिनी शोभाताई यांची खबर आली की कन्या मयुरा हिचे लग्न ठरले, मे महिन्यात वर्धा रोडवरील लॉनावर. मयुरा ही मामांची भाची. तिचे वडील ती लहान असतानाच गेले, आणि मग मामांनीच तिला सायकल शिकविली, दहावीच्या वर्षी ओरडा दिला, कॉलेजात दाखला मिळवोन दिला. लग्नात मामाने भाचीस बोहल्यावर आणावे आणि मंगलाष्टके चालतात तोवर तिच्या पाठीशी अनवाणी उभे राहावे, हा रिवाज सर्वांस ठाऊक. परंतु वराचे काका कृष्णकांतराव हे स्वतः मंगलाष्टके रचीत, आणि त्यांत दोन्ही कुळांच्या हयात व मयत मंडळींची नावे गुंफोन, प्रत्येक कडव्यास नवी चाल लावोन गात. पूर्वीच्या एका लग्नात त्यांच्या गायनकाळी नवरदेवाचा मामा खाली बसला तो आइसक्रीम आले तेव्हा उठला, ऐसे सांगतात.

तेव्हा जितेंद्ररावांनी बहुत मायेने कळविले की दादांनी त्रास घेऊ नये, आपण चुलतमामा आहोच, आपण उभे राहू. दुसऱ्या कोणी म्हटले, मामांस खुर्ची द्यावी. ते ऐकोन मधुकरराव लाल जाहले. "मामा खुर्चीवर बसला आन् भाची उभी? लोकं काय म्हणतीन?" ऐसे गर्जोन उठू गेले, आणि टाच टेकताच पुन्हा बसले. मयुरेने तर फोनवरून ठणकाविले की, "मामा मांगं नसन तं मी बोहल्यावरच येत नाही."

आता या मोहिमेचा सरदार सांगतो. मयुरेचा थोरला भाऊ गौरांग हा मामांकडे माडीवरच्या खोलीत राही. इंजिनियर होवोन बुटीबोरीस पंख्यांच्या मोटरी करणाऱ्या कारखान्यात लागला होता. स्वभावे मुखदुर्बळ. प्रेम बोलता येत नसे, म्हणोन वस्तू दुरुस्त करी. मामांचा रेडिओ, मामीचा मिक्सर, शेजाऱ्यांचा कूलर, अवघे त्याच्या हातून गेले होते. मामा भिंत धरोन चालताना पाहिले की तो उगाच स्क्रू पिळावयाचा पेचकस घेऊन माडीवर जाई.

एके दिवशी त्यास लहानपणीची गोष्ट आठवली. मामा त्यास केस कापावयास इतवारी पेठेत एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेत. त्या कारागिराकडे एक अजब यंत्र होते. ते तळहातास नव्हे, हाताच्या पाठीवर बांधावयाचे. मोटर हातास थरथरवी आणि हात डोक्यास थरथरवी, आणि माणसास लागे तो माणसाचा ऊबदार पंजाच. मामा त्या खुर्चीवर डोळे मिटोन ऐसे बसत की जणू मागल्या जन्मीची देणी फिटली. गौरांगाने मनाशी बांधिले की ऐसेच यंत्र टाचांसाठी करावे, हलके, बॅटरीचे, आणि मामांस लग्नात उभे करावे.

मग कारखान्यातून बाद मोटरी रीतसर मागोन आणिल्या, मोटरीच्या कण्यावर एकीकडे झुकते वजन बसविले, म्हणजे फिरताना ती हादरावी, आणि सायकलच्या सीटची कव्हरे शिवणाऱ्याकडून रेक्झिनचा जाड हातमोजा शिवोन घेतला. यंत्राची पहिली चाचणी मामीच्या कणकेच्या गोळ्यावर जाहली. उत्तरामामी म्हणजे घराची किल्लेदार. तिने परातीकडे पाहोन एवढेच म्हटले, "पोळ्याइले बी आता व्हायब्रेशन लावतं काय गा?" परंतु कणीक मऊ जाहली होती, म्हणोन तिने फार ताणले नाही. मात्र एप्रिलच्या उन्हात हातमोज्यात हात कैसा उकडला हे गौरांगच जाणे. पंजा बाहेर काढिला तो धुतलेल्या बटाट्यागत. मग हातमोजा रद्द करोन दोन पट्ट्यांवर यंत्र बसविले, हवा खेळती राहिली, आणि सरदार हत्यार बांधोन दिवाणखान्यात उतरला.

मामा दिवाणावर बसले होते, कूलर सुरू होता. गौरांग खाली बसला, बटण दाबिले, आणि मामांच्या टाचेकडे हात नेला मात्र, मामा विंचू चावल्यागत दिवाणावर उभे राहिले.

"पायाले हात नको लावू गा! भाचा होय तू माहा! पाप लावून राहिला काय मले?"

येथे या मुलखाचा रिवाज सांगणे प्राप्त आहे. पुणेकरांस नवल वाटेल, परंतु आमचेकडे भाचा शेंबडा असो की शहाणा, तो मामास देवाच्या ठायी. मामाने भाच्याच्या पाया पडावे, भाच्याने मामाच्या पायास बोटही लावू नये, आणि लाविलेच तर दोष भाच्यास नव्हे, मामास. गौरांगास हे ठाऊक होते, परंतु यंत्राच्या नादात तो विसरला. आणि सबंध रेखाटन केले त्यात पाय कोणाचा हे मांडिले, हात कोणाचा हे मांडिलेच नाही. मग मामांनी दोषनिवारणार्थ खाली उतरोन, वाकोन, भाच्याच्या पायांवर डोके ठेविले, आणि उठताना टाचांवर भार येवोन ऐसे कण्हले की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. पहिली स्वारी येणेप्रमाणे फसली.

गौरांग हटला नाही. मसलत करोन त्याने मामांपुढे अर्ज गुदरिला की हात लागतो तो दोष, परंतु मधे यंत्र असेल तर लागते ते यंत्र, भाचा नव्हे. मामांनी चष्मा चढविला. कैक वर्षांनी निर्णयास प्रकरण आले, म्हणोन मुखावर तेज चढले. खाप्यास शोभाताईंकडे फोनवरून अभिप्राय मागविला, दोन दिवस प्रकरण विचाराधीन ठेविले, आणि मग ठराव दिला तो ऐसा. हाताचा स्पर्श हा स्पर्श होय. यंत्राचा स्पर्श हा स्पर्श नव्हे. सबब यंत्र मधे असल्यास हरकत नाही, मात्र बोट दिसता कामा नये.

मग गौरांगाने रेखाटन उलटे केले. मोटर पाठीवरची काढोन तळव्यास आणिली, तिजवर कडक प्लास्टिकची तबकडी बसविली, बोटे तबकडीआड दडविली. मनास पटत नव्हते. कारागिराचा तो ऊबदार पंजा त्यास रात्रंदिवस आठवे, आणि ही तबकडी म्हणजे ऊब नाही, अदमास नाही, दुखते कोठे ते कळणे नाही. परंतु मामा पाय पुढे करावयास राजी जाहले, हेच त्यास मोठे. शुभ दिवस पाहोन मामा पुन्हा दिवाणावर विराजमान जाहले, गौरांग खाली बसला, आणि बटण दाबिले.

तबकडी नेमकी कळीच्या जागी जावोन आदळली. मामांचा पाय आपल्या मर्जीने सुटला, आणि मामाची लाथ यंत्रावर, आणि यंत्र भाच्याच्या छातीवर, आणि भाचा जावोन कूलरवर, ऐसा एकच हलकल्लोळ जाहला. गौरांगास लागले नाही. तो हसूच लागला होता, परंतु मामांचे तोंड पाहिले आणि हसू गिळिले. मामांच्या डोळ्यांत पाणी उभे होते. जन्मभर ज्याच्या पाया पडले त्यास लाथ मारिली. मामा त्या दिवशी जेविले नाहीत. सायंकाळी खालच्या आवाजात आज्ञा केली की मोहीम बंद, यंत्र माळ्यावर टाकावे, आणि जितेंद्रास कळवावे की मयुरेच्या मागे त्याने उभे राहावे.

गौरांग माडीवर जावोन बसला. वाईट एवढेच वाटले की मामांचे दुखणे घालवावयास निघाला आणि दुखणे वाढवोन आला. जितेंद्ररावांस फोन लावावयाचा होता, तो लावणे होईना.

दुसरे दिवशी दुपारी मामी कैरीचे पन्हे घेऊन वर आली. उन्हाने खोली भट्टीगत तापली होती. मामीने पेला ठेविला, टेबलावरचे यंत्र, माळ्यावर टाकावयाचे राहिलेले, उचलिले, आणि सहज हातास बांधू लागली. पट्टा बसेना. बटण आंगठ्याखाली येण्याऐवजी करंगळीकडे जाई.

"हे डाव्या हाताले काहून नाही लागत गा?"

"मामी, तू डावखुरी हायेस?"

मामीने त्याच्याकडे ऐसे पाहिले की बखरकारासही लाज वाटली. इतकी वर्षे तिच्या हातचे जेविला, परंतु ती वाढते उजव्याने, कारण डाव्याने वाढू नये ऐसे सासूने शिकविले. लाटते, चिरते, सही करते ती डाव्याने. पाहावयास मागे स्वयंपाकघरात कोण जातो! गौरांग काही बोलू गेला, त्यास मामीने थांबविले.

"तुम्ही दोघं महिनाभर वाद घालून राहिले, पायाले भाच्याचा हात लागते का मशीनचा. घरात अजून एक हात हाय, हे कोणाले सुचलं नाही."

गौरांगाने चाचरत विचारिले की मग मामी मामांचे पाय दाबील काय. मामी हसली, आणि चप्पल काढोन तिने आपली टाच त्यास दाखविली. भेगा पडलेली, कडेने सुजलेली. म्हणाली, मामा वर्षभर चालले आणि त्यांच्या टाचांसाठी घरात कारखाना निघाला. आपण लग्न होवोन आल्यापासून ओट्याशी उभ्या आहो. "माह्या टाचाइले काय चाकं होते?" मामीचा सूर चढला नव्हता. गौरांगाने पन्ह्याचा पेला बाजूस सारोन पेचकस उचलिला.

मग त्याने ते यंत्र अवघे मोडोन नव्याने मांडिले. मोटर पुन्हा हाताच्या पाठीवर नेली. पट्ट्या ऐशा केल्या की उलटल्या तर डाव्या हातास, सुलटल्या तर उजव्या. बटण मधोमध आणिले, म्हणजे आंगठा कोण्याही बाजूने पोचावा. मनगट दुखू नये म्हणोन बॅटरी मनगटावरून काढोन कोपराकडे सरकविली. मामीने स्वतः माडीवर येवोन पट्टे घट्ट की सैल ते सांगितले, आणि दोन वेळा "आंधी इचारलं असतं तं?" ऐसे ऐकविले. रेखाटनावर गौरांगाने या खेपेस प्रथम दोन हात काढिले, मग दोन पाय.

यंत्र तयार, परंतु तह बाकी होता. मामीने कलमे सांगितली ती थोडकी आणि कडक. पाय ती दाबील, परंतु रोज आधी मामांनी तिचे दाबावे. दाबावे ते दिवाणखान्यात, दार लावोन नव्हे. गौरांग वकिली पत्करोन स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांमध्ये खेपा घालू लागला. मामांनी कलमे ऐकिली आणि कान लाल जाहले.

"काहून वं?" मामांनी दिवाणावरूनच विचारिले. "नवऱ्यानं बायकोच्या पायाले हात लावावा काय?"

मामी पदरास हात पुशीत बाहेर आली. "हात कुठी लावता? तुमचाच ठराव हाय ना, मशीनचा स्पर्श म्हणजे स्पर्श नाही?"

मामा म्हणाले, तो ठराव तबकडीच्या यंत्रापुरता होता, येथे पंजा उघडा आहे.

"बरं. मंग मशीन असून बी हात लागते म्हणा. मंग त्या दिवशी तुमची लाथ मशीनवर बसली, ते बी गौरांगलेच लागली म्हणा. आन् मशीनले लागली तं भाच्याले नाही लागली, असं म्हणाचं असन, तं उचला हे मशीन."

मधुकररावांनी छताकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले. पेच सोपा नव्हता. एकीकडे बायकोचे पाय, दुसरीकडे जन्माचे पाप. हळूहळू त्यांच्या मुखावरचे मळभ निवळत गेले. लाथ यंत्रास लागली होती. भाच्यास नव्हे. ठराव त्यांचाच, सही त्यांचीच. मग घसा खाकरोन हुकूम जाहला की मूळ ठराव कायम, आणि यंत्र बांधलेला हात हा यंत्राच्याच खात्यात धरावा. हाच ठराव भाच्यास लागू करावा काय, ऐसे गौरांगाने हळूच विचारिले, त्यास मामांनी डोळे वटारोन नामंजूर केले.

येणेप्रमाणे मधुकररावांनी यंत्र उजव्या हातास बांधिले आणि उत्तरामामीच्या टाचेस हात घातला. समोरच्या घरातील काकू दूध आणावयास निघाल्या होत्या त्या उघड्या दारातून पाहोन दुधाची पिशवी विसरल्या. मामांनी त्यांजकडे पाहिले नाही. प्रथम फाइल हाताळावी तैसे दोन बोटांनी, मग सबंध पंजाने. एके जागी मामीचा पाय आखडला तो पंजास समजला, आणि मामा थांबले. "हे किती दिवसांचं होय?" मामी म्हणाली, "बरेच दिवसाचं." मामांनी बटण एक पायरी कमी केले आणि त्या जागेवर हात ठेविला. मग मामीने पट्टे उलटोन यंत्र डाव्या हातास बांधिले आणि मामांच्या टाचा हाती घेतल्या, आणि मामांनी डोळे मिटिले ते इतवारीतल्या त्या खुर्चीवर मिटीत तैसे.

गौरांग जिन्यावर बसोन पाहत होता. त्यास आनंद जाहला तो जाहलाच, परंतु त्याहून अधिक हायसे वाटले, कारण हात मोकळा ठेविला हे रेखाटन बरोबर निघाले. आता हा क्रम नित्य चालला. डॉक्टरांनी बुटांत गादी घालावयास सांगितली तीही घातली, चालणे कमी केले, आणि लग्न तोंडावर येईतो मामा सकाळी भिंत न धरता नहाणीपर्यंत जाऊ लागले.

लग्नाचा दिवस उजाडला. लॉनावर कूलरांची तोफखान्यागत रांग लागली होती, तरी वऱ्हाडी घामाने निथळत होते. मधुकररावांनी फेटा बांधोन, चप्पल काढोन, मयुरेस हात धरोन आणिले आणि तिच्या पाठीशी उभे राहिले. जितेंद्ररावही फेटा बांधोन दोन पावलांवर तयारीत राहिले, न जाणो. कृष्णकांतरावांनी माइक हाती घेतला. प्रथम कुलदैवते आली, मग पणजोबा, मग पणजोबांचे बंधू, मग चाल पालटली, मग मध्येच वीज गेली आणि जनित्र सुरू होईतो त्यांनी माइकवाचून गाइले. लोकांच्या मुठीतल्या अक्षतांचा घामाने गोळा जाहला. मयुरेने मान न वळविता हळूच विचारिले, "मामा, हाय ना?" मामा म्हणाले, "हाय गे माय." आणि हलले नाहीत. शेवटचे सावधान जाहले, अंतरपाट सरला, अक्षता कोसळल्या, आणि मधुकररावांनी रिवाजाप्रमाणे वाकोन भाचीच्या पायांस हात लाविला, आणि कोणाचा आधार न घेता उठले. शोभाताई रडू लागल्या. गौरांगही रडत होता, परंतु तो फेट्याचे टोक डोळ्यात गेले म्हणाला.

जेवणावळी उठल्या, तेव्हा मंडपामागे, जेथे पाण्याचे ड्रम ठेविले होते, तेथे उत्तरामामी प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकली होती. सकाळपासून ती उभीच होती, मानपानास, वाढपास, रुसल्याफुगल्यांस. जितेंद्रराव पाणी प्यावयास तिकडे गेले तो काय पाहतात, फेटेबंद मधुकरराव खाली सतरंजीवर बसले आहेत आणि बायकोची टाच मांडीवर घेऊन पंजाने दाबीत आहेत.

"दादा! हे काय करून राहिले? लोकं पाहून राहिले ना!"

मधुकररावांनी मान वर केली नाही. "मशीन चालू हाय, दिसत नाही काय?"

जितेंद्ररावांनी वाकोन नीट पाहिले, मामीकडे पाहिले, आणि पाणी न पिताच परतले.

ऐसी ही मोहीम मे महिन्यात वर्धा रोडच्या लॉनावर फत्ते जाहली, किल्ला सर जाहला, उभय पक्षांच्या टाचा हाती आल्या. यंत्र त्या समयी गौरांगाच्या पिशवीत होते, आणि बंद होते, ऐसी नोंद केली असे.